सोपं बोला मंडळ

"आज आमची फेरी दवाखान्यात आहे," धाकटी म्हणाली. तिने इस्त्री केलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर चढवला आणि खुर्चीलाच कामावर पाठवायचं असल्यासारखी त्याची कॉलर दोन्ही हातांनी सरळ केली. "बायकांच्या वॉर्डात. आईच्या."

थोरली चहा गाळत होती. तो कपाऐवजी ओट्यावर गेला.

"कुणी ठरवलं हे?"

"तिथल्या अधीक्षकांनी बोलावलंय. त्यांना आमची पाटी हवी आहे." धाकटीने बोट दाखवलं. "ताई, ओटा."

पाटी म्हणजे 'इथे सोपं बोलतात' असं लिहिलेली, हाताने रंगवलेली, दाराशी लावायची पाटी. ती विकत मिळत नसे; मंडळाकडून मिळवावी लागे. मंडळ म्हणजे सोपं बोला मंडळ. विशेष शाळेच्या शेवटच्या वर्गातून एकत्र बाहेर पडलेली ही तरुण मुलंमुली. 'राहू दे, तुला नाही कळायचं' हे वाक्य सगळ्यांनीच लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की मोठं झाल्यावर त्यांनी त्या वाक्याचाच बंदोबस्त करायचं ठरवलं. दर शनिवारी ती एखाद्या कचेरीत जाऊन बसत. प्रत्येकाजवळ तीन कार्डं असत. समोरचा माणूस बोलू लागला की कार्डं वर होत. लाल म्हणजे थांबा, कळलं नाही, सोपं सांगा. पिवळं म्हणजे हळू. हिरवं म्हणजे कळलं. एवढंच. यात रागावणं नव्हतं, भांडण नव्हतं, म्हणून कुणाला त्यांना हाकलूनही देता येत नसे. बँकेच्या मॅनेजरला 'मुदतपूर्व विमोचन' हे दोन शब्द सोडवून सांगताना घाम फुटला होता आणि शेवटी, "म्हणजे पैसे लवकर काढता येतात, पण आम्हाला ते आवडत नाही," असं तो बोलून गेला होता. बँकेच्या दारावर आता पाटी होती.

धाकटी तेवीस वर्षांची होती. वाचायला तिला वेळ लागे, आणि कुणी एका दमात तीन वाक्यं बोललं की ती तिच्यापर्यंत पोचेपर्यंत एकमेकांत अडकून जात. पण एक वाक्य नीट पोचलं की ते कायमचं तिचं होई. थोरलीचं नेमकं उलटं होतं. ती विमा कंपनीत होती आणि तक्रार करणाऱ्या ग्राहकांना उत्तरं लिहीत असे. वाचून झाल्यावर माणसाला राग तर येणार नाही आणि काही मिळणारही नाही, अशी वाक्यं रचण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

आणि आई दवाखान्यात होती.

आईला काय झालंय हे थोरलीला माहीत होतं आणि मामाला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं. "अक्काला कळता कामा नये, ती खचेल," असं मामाने रिपोर्ट आला त्याच दिवशी जाहीर केलं होतं. "आणि धाकटीला तर नकोच नको. तिला काय कळणार? आणि कळलंच तर आईसमोर बोलून मोकळी होईल." म्हणून दोघींसाठी मिळून एकच कारण ठरलं होतं: अशक्तपणा. दोन खोटी लक्षात ठेवण्यापेक्षा एक बरं, हा मामाचा हिशोब. थोरलीने त्याला होकार दिला नव्हता. ती फक्त गप्प बसली होती, आणि त्या घरात गप्प बसणं म्हणजे होकारच धरत.

थोरली बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि मामाला फोन लावला. आई आजारी पडल्यापासून घरातले महत्त्वाचे फोन वाहत्या नळाशेजारीच होत.

"हळू बोल," मामा कुजबुजला. तो त्याच्या स्वतःच्या घरात एकटाच होता.

थोरलीने सांगितलं.

"कार्डं घेऊन? डॉक्टरांसमोर?" मामाची कुजबुज फाटली. "अगं, तो डॉक्टर आधीच कच्चा. खोटं बोलताना कान लाल होतात त्याचे. थांब. अक्कालाच तिथून हलवू. सोनोग्राफीला नेतो म्हणून सांगतो."

"मामा, सोनोग्राफी झाली आहे."

"मग परत करू. चांगली गोष्ट परत करायला काय हरकत आहे?"

बाहेरून धाकटीने दार वाजवलं. "ताई, पाणी वाया जातंय. आणि तू मामाशी बोलतेयस."

*

मामाने ठरल्याप्रमाणे चाकाची खुर्ची मिळवली आणि आईला तिच्यात बसवून वॉर्डाबाहेर काढलं. आईने उशीखालची टेप बरोबर घेतली. तिने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले होते. मापाची टेप नसली तर तिला अंगावर काहीतरी घालायचं राहिल्यासारखं वाटे.

"कालच्या मशीनला माझं पोट दिसलं नाही का?" तिने विचारलं.

"दिसलं गं. छान दिसलं. म्हणूनच परत बघायचंय."

"कंबर परत उतरली माझी. अशक्तपणाने एवढी उतरते का रे?"

"अशक्तपणा फार वाईट," मामा म्हणाला आणि खुर्ची जोरात ढकलू लागला.

सोनोग्राफीच्या दाराशी बसलेल्या माणसाने कागद मागितला. कागद नव्हता. त्याने आईचं नाव पडद्यावर पाहिलं. "यांची झालीये की." मामाने आईच्या डोक्यावरून त्याला डोळा मारला. माणूस नुसता बघत राहिला. मामाने परत मारला. मग दोन्ही डोळे मारून पाहिले.

"डोळ्यांचा विभाग वर आहे," तो माणूस सहानुभूतीने म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर."

लिफ्टमध्ये आईने मामाकडे निरखून पाहिलं. "दाखवून घे रे खरंच. लहानपणापासून तुझा तो डोळा जरा तसाच आहे."

दोघं वॉर्डात परत आली तेव्हा मंडळ आलेलं होतं.

मंडळातले तिघं आले होते. धाकटी. दुसऱ्याला मंडळात साहेब म्हणत; तो नेहमी टाय लावे, हसला की त्याचे डोळे मिटून जात आणि भेटेल त्याच्याशी तो हस्तांदोलन करी. तिसऱ्याला वकील म्हणत, कारण त्याला सगळे नियम पाठ होते; तो कुणाच्याही डोळ्यांत न बघता खांद्याच्या जरा वर बघून बोले. बरोबर आलेल्या शाळेतल्या बाई खाली चौकशीच्या बाकावर बसल्या होत्या, कारण मोठ्या माणसाने मध्ये बोलायचं नाही हा वकिलाच्या यादीतला दुसरा नियम होता आणि वर आल्यावर आपल्याला गप्प बसणं जमणार नाही, हे त्या ओळखून होत्या.

धाकटी आईच्या खाटेशी आली. आईने हात पुढे केला. धाकटीने तो धरला नाही. "आई, मी आत्ता कामावर आहे," ती म्हणाली. मग जरा विचार करून तिने आईच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. तेवढं कामात चालत असावं.

आता इकडे एक गोष्ट झाली होती, जी थोरलीला माहीत नव्हती. मंडळाने या वेळी पेशंटनाही कार्डं वाटायचं ठरवलं होतं. "आम्ही जाणार परत," धाकटीने सिस्टरला समजावलं होतं. "या बायका इथेच राहतात." चपलांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेली, तिन्ही रंगांची कार्डं खाटाखाटांवर पोचली होती. आईच्या शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांना कार्डं इतकी आवडली की त्यांनी लाल कार्ड आधी जेवणाच्या ताटाला दाखवलं आणि मग भेटायला आलेल्या सुनेला.

थोरली त्या वेळी बाहेर, हात धुवायच्या बेसिनपाशी डॉक्टरांना गाठून उभी होती.

"तुम्ही आईच्या खाटेशी फार थांबू नका," ती म्हणाली.

"ती मुलं प्रत्येक खाटेशी थांबणार आहेत. अधीक्षकही आहेत बरोबर." डॉक्टर तरुण होता आणि त्याने बहुधा कालपासून शर्ट बदलला नव्हता. "मला काहीतरी बोलावं लागेल. बाई, मला हे खोटं बोलणं जमत नाही हो."

"खोटं बोलूच नका. खरंच बोला. फक्त कुणाला कळणार नाही असं."

डॉक्टरने साबणाच्या हातांनीच तिच्याकडे पाहिलं.

थोरलीने क्षणभर डोळे मिटले. अशी वाक्यं तिला शोधावी लागत नसत. तिच्याकडे ती तयारच असत. "असं म्हणा," ती म्हणाली. "'रोगप्रक्रियेची एकूण व्याप्ती विचारात घेता, उपचारांची दिशा यापुढे लक्षणनिवारणाकडे वळवणं अधिक सयुक्तिक ठरेल.' यात एक अक्षर खोटं नाही."

डॉक्टरने ते दोनदा म्हणून पाहिलं. "छान आहे," तो म्हणाला. "मलाच धड कळलं नाही."

वाक्य खरोखर छान होतं. ते ज्या मंडळासमोर बोललं जाणार होतं त्याचं काम काय आहे, हे थोरली गेली दोन वर्षं दर शनिवारी जेवताना ऐकत होती. पण घाबरलेला माणूस हाताशी असतं तेच हत्यार उचलतो, आणि तिच्या हाताशी तेवढं एकच होतं.

*

फेरी सुरू झाली. पहिल्या खाटेवर डॉक्टर 'उपाशीपोटी' म्हणाला आणि हिरवी कार्डं वर झाली. दुसऱ्या खाटेवर 'निरीक्षणाखाली ठेवू' म्हणाला आणि लाल कार्ड आलं. त्याने 'अजून दोन दिवस इथेच राहा, आम्ही बघतो' असं म्हटल्यावर ती बाई, "मग हे आधी का नाही सांगितलंत, मी डबा मागवला असता," म्हणून रडायलाच लागली. अधीक्षक खूश होते. ते पाटी कुठे लावायची ते मनातल्या मनात ठरवत दारावरून नजर फिरवत होते. आजींच्या खाटेपाशी आजींनी डॉक्टर तोंड उघडायच्या आधीच लाल कार्ड धरलं.

"आजी, मी अजून बोललो नाहीये."

"ते ठीक आहे. पण नेहमीचं आठवून धरलं."

मग मंडळी आईच्या खाटेशी आली.

मामा उशाशी उभा होता. थोरली पायाशी. डॉक्टरचे कान आधीच लाल झाले होते. त्याने आईकडे न बघता, खाटेला अडकवलेल्या कागदांकडे बघत ते वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता म्हणून टाकलं.

तीन लाल कार्डं वर झाली. मग आजींचं. मग पलीकडच्या रांगेतली, ज्यांना नीट ऐकूही आलं नव्हतं त्यांचीही.

"थांबा," साहेब प्रेमाने म्हणाला. "कळलं नाही. सोपं सांगा."

"म्हणजे," डॉक्टर म्हणाला, "रोगप्रक्रिया... म्हणजे आजार."

"मग आजार म्हणा की," आजी म्हणाल्या. "प्रक्रिया कसली त्यात?"

"व्याप्ती म्हणजे?" वकिलाने डॉक्टरच्या खांद्याच्या वर बघत विचारलं.

"म्हणजे तो कुठे कुठे आहे ते."

"कुठे कुठे आहे?" हे धाकटीने विचारलं.

डॉक्टरने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने जेमतेम दिसेल एवढी मान हलवली. नाही.

"पोटात," डॉक्टर म्हणाला. "आणि इतर ठिकाणी."

लाल. "इतर ठिकाणी म्हणजे कुठे?"

"यकृतात. फुप्फुसात. थोडा हाडांत."

"अशक्तपणा!" मामा मोठ्याने म्हणाला. "हाडांत अशक्तपणा शिरलाय. होतं असं. टॉनिकने जातो."

साऱ्या वॉर्डातून लाल कार्डं त्याच्याकडे वळली.

"मामा, तुम्ही डॉक्टर नाही," वकील म्हणाला. "तुम्हाला कार्ड लागू नाही. आणि लाल कार्ड न कळल्याचं आहे. खोट्याला आमच्याकडे कार्ड नाही."

"मग काढा एक," आजी म्हणाल्या.

आईने मामाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती डॉक्टरकडे बघत होती. गिऱ्हाईक 'नेहमीचंच शिवा' म्हणालं की तिची नजर आधी जशी त्याच्या खांद्यावरून फिरे, तशी.

"लक्षणनिवारण म्हणजे?" धाकटीने विचारलं. तो शब्द तिने तीन तुकड्यांत म्हटला, पण बरोबर म्हटला.

"दुखणं कमी करायचं."

"आणि आजार?"

डॉक्टर खाटेला अडकवलेले कागद उलटू लागला.

"डॉक्टर," अधीक्षक त्याच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोपं सांगा ना. उगाच पाटी जायची."

डॉक्टरने पेन खिशाला लावलं. खाटेखालचं स्टूल पायाने ओढलं आणि त्यावर बसला. इतक्या दिवसांत तो आईच्या खाटेशी बसलेला कुणी पाहिला नव्हता. बसल्यावर त्याचा चेहरा आईच्या चेहऱ्यासमोर आला.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला ऐकायचं आहे का?"

"एवढा वेळ दुसरं काय करतेय मी?"

"इथेच? सगळ्यांसमोर?"

आईने वॉर्डावरून नजर फिरवली. "या सगळ्या माझ्यासारख्याच आहेत. बोला."

"तुमचा आजार सगळीकडे पसरलाय. तो आता औषधाने जाणार नाही. आम्ही तुम्हाला दुखू देणार नाही. पण तो जाणार नाही."

कुणीतरी भांडं खाली ठेवलं, त्याचा आवाज सगळ्या वॉर्डाने ऐकला.

धाकटी अजून कामावर होती. कामावर असताना समोरचा अर्धं बोलून थांबला तर पुढचा प्रश्न आपण विचारायचा असतो, हे तिला मंडळातच शिकवलं होतं. "म्हणजे आई मरणार?"

"हो."

"केव्हा?"

"नक्की सांगता येत नाही. काही आठवडे. कदाचित त्याहून थोडं जास्त."

धाकटीने ऐकलं. ते वाक्य तिच्यापर्यंत पोचायला लागला तेवढा वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळा वॉर्ड थांबून राहिला. मग तिचे डोळे भरून आले, ओठ वाकडे झाले, आणि तिने उजवा हात वर केला. हातात हिरवं कार्ड होतं. डॉक्टर स्पष्ट बोलला होता. तिला कळलं होतं. कळल्यावर हिरवं दाखवायचं असतं. ती रडत होती आणि हात खाली आणत नव्हती, कारण डॉक्टरने अजून ते बघितलं नव्हतं. त्याने मान खाली घातली होती.

"डॉक्टर," वकील म्हणाला, "हिरवं आहे."

डॉक्टरने वर पाहिलं. "हो," तो म्हणाला. "दिसलं."

तेव्हा कुठे तिने हात खाली घेतला आणि खाटेवर चढून आईच्या कुशीत डोकं घातलं.

आईने तिच्या केसांवर हात ठेवला. मग मामाला म्हणाली, "अशक्तपणा म्हणे. मी दोनदा परकर आत घेतला, तरी तू टॉनिकच्या बाटल्या मोजतोयस. अरे, माप काय खोटं बोलतं?"

"अक्का, तू खचशील म्हणून—"

"मग आता खचले का?"

उत्तराला न थांबता तिने डॉक्टरला विचारलं, "घरी जाता येईल?"

"येईल. दुखण्याची औषधं देतो. सिस्टर येऊन जात जाईल."

"आज?"

"आज गेलात तरी चालेल."

आईने मान डोलावली. मग अगदी सहज, वर्षानुवर्षांच्या सवयीने म्हणाली, "थोरले, जा. काय सही-शिक्का लागतो तो बघ."

थोरली गेली. रिपोर्ट आल्यापासून तिने स्वतःला दोनच गोष्टी नेमून दिल्या होत्या: रडायचं नाही आणि कळू द्यायचं नाही. त्यातली दुसरी आता हातची गेली होती, आणि एकट्या पहिलीचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

*

व्हरांड्यात मामा भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता. गेले कित्येक दिवस कुजबुजण्यात कोंडलेला त्याचा सगळा आवाज एकदम बाहेर येत होता, आणि तो इतका मोठा होता की दोन मजले खालून रखवालदार वर बघायला आला. साहेब मामाशेजारी उभा होता. आधी त्याने मामाशी हस्तांदोलन केलं. त्याने काही थांबलं नाही. मग त्याने खिशातून पिवळं कार्ड काढून मामासमोर धरलं.

"मामा, हळू," तो म्हणाला. "रडा. पण हळू."

मामा आणखीच रडला, पण हळू.

अधीक्षक वकिलाला गाठून उभे होते. प्रसंग दुःखाचा आहे हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी हात चोळत विचारलंच, "मग? आमचं काय?"

वकिलाने त्यांच्या खांद्याच्या वर पाहिलं. "डॉक्टर पास," तो म्हणाला. "जेवण देणारे पास. घरचे नापास."

"घरचे आमच्या अखत्यारीत येत नाहीत हो."

"अखत्यारीत म्हणजे?" वकिलाने विचारलं आणि लाल कार्डाला हात घातला.

थोरलीने हे ऐकलं आणि ती पुढे निघाली. जिन्याच्या तोंडाशी तिला धाकटी भेटली. ती कामावरून सुटली होती; शर्टावरचा मंडळाचा बिल्ला तिने काढून खिशात ठेवला होता आणि तोंड धुतलं होतं.

"तुला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

"हो."

"मामालाही?"

"हो."

धाकटीने विचार केला. रागावण्याआधी ती नेहमी विचार करी आणि पुष्कळदा तेवढ्यात राग निघून जाई. या वेळी गेला नाही. "मामा खोटं बोलला. तू तर बोललीच नाहीस. बोलत नाही त्याला कार्ड कसं दाखवायचं?"

थोरलीकडे याला वाक्य नव्हतं. विमा कंपनीतल्या अठरा वर्षांत असं झालं नव्हतं.

"मला वाटलं, तुला त्रास होईल," ती शेवटी म्हणाली.

"होतोयच," धाकटी म्हणाली. "पण आधी सांगितलं असतंस, तर मी आईजवळ रोज आले असते. मला वाटायचं, अशक्त आहे, झोपू दे." एवढं बोलून ती वॉर्डाकडे वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. "तू जेवलीस का?"

"नाही."

"जेव," ती म्हणाली आणि गेली.

थोरलीने सह्या केल्या. औषधं घेतली. कुठल्या औषधाने झोप येते आणि कुठल्याने मळमळतं ते सिस्टरला विचारून डब्यांवर लिहिलं. गाडी सांगितली. एकामागून एक करण्यासारखं बरंच होतं आणि तिने ते सगळं केलं. शेवटी करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती वॉर्डात परतली.

आईच्या खाटेभोवती कुणीतरी पडदा ओढला होता. पडद्यामागे आई आणि धाकटी बोलत होत्या. धाकटीला कुजबुजता येत नसे. तिची कुजबुज म्हणजे तोच आवाज, फक्त तोंडावर हात ठेवून.

"मग आपण इथे परत नाही यायचं?"

"नाही यायचं. काही झालं तरी नाही. सलाईन नको, नळ्या नकोत. शिवणाच्या मशीनच्या खोलीत खाट टाकायची, खिडकीशी. तू उशाशी बसायचंस."

"आणि मग तू तिथेच मरायचंस."

"हो."

"कळलं." मग थोड्या वेळाने: "ताईला सांगू?"

"नको," आई म्हणाली. "आज तर नकोच. तिला नाही झेपायचं."

"तिला तर आपल्याआधी माहीत होतं."

"माहीत होतं गं. पण ते कागदावर वाचल्यासारखं माहीत होतं. मी घरी खाट टाकून पडले की तिला कळेल. तोवर हळूहळू घेऊ. तिला जपायला हवं. आता तूच जपायचंस, माझ्यामागे."

"सोप्या भाषेत सांगू?"

"नको, नको," आई घाईघाईने म्हणाली. "सोपं तिला सहन होत नाही. तिच्याशी अवघडच बोलावं लागेल."

पडद्याअलीकडे थोरली उभी होती. शेजारच्या खाटेवरून आजी तिच्याकडे बघत होत्या. आजींनी पुठ्ठ्याची सगळी कार्डं उशीखाली सरकवली, कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

थोरली पाय न वाजवता दारापर्यंत मागे गेली. दाराशी जरा थांबली. मग चपला मुद्दाम फरशीवर आपटत, वाटेत सिस्टरला नको ते काहीतरी मोठ्याने विचारत ती परत आली आणि पडदा बाजूला केला.

"झालं सगळं," ती म्हणाली. "गाडी येतेय."

"बरं झालं." आई उशीला टेकून बसली होती. "चार दिवस घरी जाऊन येऊ. नुसता हवापालट. बरं वाटलं की परत येऊन बघू पुढचं."

"चारच दिवस," धाकटी म्हणाली. तिने छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग स्वतःच्या बोटांकडे. ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होती आणि ते तिला अजिबात जमत नव्हतं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

थोरलीने कपाट उघडून सामान पिशवीत भरायला घेतलं. टॉवेल. कंगवा. पाण्याची बाटली. खाटेखाली आईच्या जुन्या, घरून आणलेल्या चपला होत्या.

"मग या इथेच राहू देत का?" तिने पाठ न वळवता विचारलं. "चार दिवसांनी यायचंच आहे तर."

मागे आईने धाकटीकडे पाहिलं असणार. धाकटी विचार करत होती. तिचा विचार करतानाचा श्वास थोरली ओळखत असे.

"नको," धाकटी शेवटी म्हणाली. "चोरीला जातील."

"हो, खरंच," थोरली म्हणाली. तिने चपला उचलल्या, एकीचे तळवे दुसरीला लावून कागदात नीट गुंडाळल्या आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवल्या.